दाखवा पाहू, काय मिळालं?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मेटल डिटेक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेल्वे स्टेशनातली ती चौकट येते. खिशातल्या किल्ल्या काढा, सुटे पैसे काढा, तरी ती ओरडायची ती ओरडतेच आणि शेजारचा शिपाई न बघताच "जा, जा" म्हणतो. इंग्लंडमध्ये मात्र हजारो माणसे हे यंत्र हौसेने विकत घेतात. त्यांचे यंत्र निराळे दिसते. लांब दांडी, दांडीच्या टोकाला ताटाएवढी चकती, कानावर हेडफोन, कमरेला पिशवी आणि हातात छोटे फावडे. अशा थाटात ही मंडळी रविवारी सकाळी कुणाच्या तरी नांगरलेल्या शेतात चकती डावीउजवीकडे झुलवत संथपणे चालताना दिसतात. यांना तिकडे डिटेक्टरिस्ट म्हणतात. त्यांत निवृत्त माळी असतो, इस्पितळातला आचारी असतो, ट्रक चालवणारा असतो. या छंदाविषयी आणि त्याहून अधिक या मंडळींच्या एका सवयीविषयी आज बोलायचे आहे. ती सवय म्हणजे जे सापडेल ते एकमेकांना दाखवायचे. वरवर पाहता ही मित्रामित्रांतली गंमत. पण त्या देशाच्या इतिहासाची बरीच पाने या सवयीमुळे लिहिली गेली आहेत, आणि ती मोडली तेव्हा काही पाने कायमची फाटलीही आहेत.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. चकतीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते जमिनीत शिरते. वाटेत धातूचा तुकडा आला तर त्या तुकड्यात भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह उमटतात. त्यांचे स्वत:चे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि कानात आवाज येतो. कुठला धातू वीज किती सहज वाहू देतो यावर आवाजाची पट्टी ठरते. लोखंडी खिळा घोगरा गुरगुरतो, चांदीचे नाणे उंच आणि स्वच्छ बोलते. सुटे नाणे असेल तर यंत्राची पोच जेमतेम वीतभर. मोठा हंडा असेल तर थोडी अधिक.

पंचाईत अशी की सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची कडी यांचा आवाज जवळजवळ सारखा येतो. म्हणून खणावे लागते. दिवसभर खणून पिशवीत काय जमते? खिळे, बंदुकीच्या काडतुसांची बुडे, ट्रॅक्टरचे नटबोल्ट आणि कॅनस्लॉ. हा शब्द मोठा मजेदार आहे. कोबी बारीक चिरून केलेल्या कोलस्लॉवरून तो बनवला. शेतात पडलेला पेयाचा रिकामा कॅन नांगराखाली किंवा कापणी यंत्राखाली आला की त्याच्या चिंध्या होतात, आणि प्रत्येक चिंधी कानात चांदीसारखी वाजते. शहरांतल्या हिरव्या कचऱ्याचे खत ज्या शेतात पसरले असेल तिथे तर विचारूच नका.

हा छंद शेतीच्या वेळापत्रकावर चालतो. ऑगस्टमध्ये गहू-बार्ली कापली की शेते मोकळी होतात, आणि शरद ऋतूत पुन्हा पेरणी होईपर्यंत मंडळींची सुगी. शेतमालकाची परवानगी असल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही हा पहिला नियम. तो इतका अंगवळणी पडलेला आहे की ज्या शेतात जायची मुभा आहे त्या शेतालाच ते 'परमिशन' म्हणतात. "माझ्याकडे दोन परमिशन आहेत" असे एखादा म्हणाला तर त्याला दोन शेते म्हणायचे असते. एकदा धुंडाळलेले शेत संपले असे होत नाही. नांगर दर वर्षी माती उलथतो, खालचे वर येते, आणि गेल्या वर्षी मुके असलेले वावर यंदा बोलू लागते.

आता त्या सवयीकडे येऊ. दुपारी कुंपणाशी गाड्या लावलेल्या असतात, थर्मासमधला चहा निघतो आणि सगळ्यांचे तळहात उघडतात. "दाखव पाहू, काय मिळालं?" कुणाच्या हातावर पितळी बटण, कुणाच्या हातावर शिशाची गोळी, कुणाकडे नखाएवढे काळपट, वाकडे नाणे. ज्याला ते सापडले त्याला बहुतेक वेळा ते काय आहे हे ठाऊक नसते. पण घोळक्यात कुणीतरी बटणांचा दर्दी असतो. मागचा कडीचा आकार पाहून तो बटण साधारण कुठल्या काळातले ते सांगतो. दुसऱ्या कुणाला नाण्यांची जाण असते. १६६२ साली इंग्लंडमध्ये नाणी कायमची यंत्रावर पडू लागली. त्याआधीची हातोड्याने ठोकून पाडलेली, आपल्या शिवराईसारखी. त्यांना ही मंडळी 'हॅमर्ड' म्हणतात आणि पहिले हॅमर्ड सापडण्याचा दिवस लक्षात ठेवतात. चेहरामोहरा पार झिजलेल्या रोमन तांब्याच्या नाण्याला 'ग्रॉट' असे हिणकस नाव आहे, तरी ते फेकत कुणी नाही. सोने सापडले तर भर शेतात नाचायचे अशीही एक प्रथा आहे आणि म्हाताऱ्यांनाही त्यातून सूट नाही.

महिन्यातून एकदा क्लबची बैठक भरते, गावच्या सभागृहात किंवा एखाद्या पबच्या मागच्या खोलीत. लांब टेबलावर प्रत्येक जण आपली महिन्याची कमाई मांडतो. मतदान होते. एक मान नाण्याला, एक मान इतर वस्तूला. बक्षीस किरकोळच असते. एखाद्या नवख्याने आणलेला शिशाचा गोळा टकळीची चकती निघते, एखाद्याची 'रोमन अंगठी' पडद्याची कडी निघते, आणि दोन्ही वेळा हसे आणि शाबासकी सारखीच मिळते. मॅकेन्झी क्रूक या नटाने २०१४ ते २०१७ या काळात 'डिटेक्टरिस्ट्स' नावाची मालिका बीबीसीसाठी लिहिली आणि दिग्दर्शित केली. तिची गोडी याच टेबलाभोवतीच्या माणसांत होती.

दोस्तीला शिष्टाचार असतोच. खणलेला खड्डा बुजवायचा, फाटक लावून घ्यायचे, दुसऱ्याच्या खड्ड्याला खेटून खणायचे नाही. आणि सर्वांत मोठा संकेत असा की वस्तू कितीही निरखा, पण ती नेमकी कुठे सापडली हे चारचौघांत विचारू नका. बाहेरच्याला हा कोतेपणा वाटेल. पण त्यामागे एक कडू आठवण आहे.

सरे परगण्यात वॉनबरो नावाचे गाव आहे. तिथे १९८३ साली छंदी लोकांना जुनी नाणी सापडली आणि त्यांनी ती रीतसर दाखवली. पुढे कोर्टातल्या चौकशीत जागेचे नाव उघड झाले. मग रात्री-अपरात्री यंत्रे आणि बॅटऱ्या घेऊन लुटारूंची झुंबड उडाली. ते शेत म्हणजे एका रोमनकालीन मंदिराची जागा होती. हजारो नाणी गेली आणि जागेची चाळण झाली. अशा निशाचरांना तिकडे 'नाइटहॉक' म्हणतात. प्रामाणिक छंदिष्टांचा यांच्यावर जितका राग तितका पोलिसांचाही नसेल.

पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तेव्हा दोघांतला फरक दिसत नव्हता. १९८० साली पुरातत्त्वज्ञांनी या छंदाविरुद्ध 'स्टॉप' नावाची मोहीमच उघडली होती. त्या आद्याक्षरांचा मथितार्थ 'आमचा भूतकाळ चोरणे थांबवा' असा. छंदिष्टांनीही उलट मोर्चेबांधणी केली. दोन्हीकडची माणसे जुन्या वस्तूंवर जीव टाकणारी आणि एकमेकांचे तोंड पाहायला तयार नाहीत, असा तो काळ होता. अपवाद नॉरफोकसारख्या परगण्याचा. तिथले काही पुरातत्त्वज्ञ सत्तरच्या दशकापासूनच क्लबांत जाऊन बसत, वस्तू ओळखून देत आणि त्या बदल्यात जागा नोंदवून घेत.

पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे चुकीचे होते असे मात्र मला म्हणवत नाही. जमिनीतली वस्तू एकटी नसते. ती किती खोल होती, शेजारी काय होते, भांड्यात होती की सुटी, यावरून तिची कथा कळते. एकदा उपटली की नाणे उरते आणि कथा जाते. हे पटवून द्यायला १९९२ सालचे हॉक्सनचे उदाहरण पुरेसे आहे. सफोक परगण्यातल्या या गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याने आपला मित्र एरिक लॉज याला शोधायला बोलावले. लॉज निवृत्त माळी, यंत्राचा शौकीन. हातोड्याऐवजी यंत्राने रोमन नाणी दाखवली. थोडी काढल्यावर हे प्रकरण मोठे आहे असे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने हात आवरला. अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. जवळजवळ १५ हजार सोन्याचांदीची नाणी निघाली, शिवाय दागिने, चमचे, भांडी. लॉजने हात आवरला म्हणूनच लाकूड कुजून गेलेल्या पेटीच्या बिजागऱ्या आणि कुलपे जागच्या जागी मिळाली, आणि आत काय कसे रचले होते ते कळले. त्यातच चांदीच्या चार मिरीदाण्या होत्या. मिरी कुठली? आपल्या पश्चिम किनाऱ्याची, जहाजाने रोमन साम्राज्यात गेलेली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातले एक श्रीमंत घराणे जेवणावर हिंदुस्थानची मिरपूड भुरभुरवत होते! साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस लॉजने शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले. हरवलेला हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

अशा घटनांतून दोन्ही बाजूंना शहाणपण आले. १९९६ साली खजिन्याविषयीचा नवा कायदा झाला आणि तो १९९७ पासून अमलात आला. तीनशे वर्षांहून जुनी आणि निदान दहावा हिस्सा सोने-चांदी असलेली वस्तू, किंवा एकत्र सापडलेली जुनी नाणी, म्हणजे खजिना. तो १४ दिवसांत कॉरोनरला कळवायचा. (मुंबईतही पूर्वी हे पद होते, जुन्या माणसांना आठवत असेल.) संग्रहालयाला तो हवा असेल तर तज्ज्ञ समिती बाजारभाव ठरवते आणि ती रक्कम साधारणपणे सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. लपवले तर तुरुंग.

पण सुटे नाणे, बटण, पितळी बकल? ही कायद्याच्या भाषेत खजिना नव्हेत. ती दाखवायची सक्ती इंग्लंडमध्ये नाही. (स्कॉटलंडमध्ये निराळे, तिथे जुने काहीही सापडले तरी कळवावे लागते. आयर्लंडमध्ये तर परवान्याशिवाय पुराणवस्तू शोधायला यंत्र वापरणेच गुन्हा आहे.) म्हणून १९९७ सालीच आणखी एक योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि २००३ पासून ती साऱ्या इंग्लंड-वेल्समध्ये पसरली. परगण्या-परगण्यात एक अधिकारी नेमला. त्याचे काम क्लबच्या त्या लांब टेबलाशी जाऊन बसायचे. तो वस्तू पाहतो, मोजतो, वजन करतो, फोटो काढतो, सापडल्याची नेमकी जागा लिहून घेतो आणि वस्तू परत देतो. जागा जाहीर करताना ती मुद्दाम ढोबळ ठेवली जाते, म्हणजे वॉनबरोसारखे पुन्हा घडू नये. या नोंदींची संख्या १५ लाखांच्या वर गेली आहे, आणि त्यांतल्या बहुतेक कुणीही सक्ती न करता, आपण होऊन दाखवलेल्या वस्तूंच्या आहेत. चहाच्या वेळी तळहात उघडायची जी सवय होती, तिला फक्त एक वही जोडली गेली.

या किरकोळ वस्तूंतून काय कळते? इंग्लंडच्या पूर्व भागात व्हायकिंग आले आणि वसले हे पुस्तकांत होते. पण ते लढवय्ये पुरुष होते, बायका फारशा आल्या नसाव्यात, असा समज होता. जेन कर्शॉ या अभ्यासिकेने अशा नोंदींतून स्कँडिनेव्हियन धर्तीचे ५०० हून अधिक बायकी दागिने तपासले आणि २०१३ साली पुस्तक लिहिले. मोडके, झिजलेले, मुख्यत: पोशाखाला लावायचे ब्रोच. बहुतेक शेतांत सुटे सापडलेले. त्यांवरून दिसले की त्या वसाहतींत स्कँडिनेव्हियातून आलेल्या बायकाही चांगल्या संख्येने असाव्यात. यांतला एखादाच ब्रोच कुणी दाखवला असता तर त्याचे काहीच सिद्ध झाले नसते. शेकडो जणांनी दाखवले, म्हणून ते घडले.

थांबण्याचे मोलही कळले. २०१० साली सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प या इस्पितळातल्या आचाऱ्याला मडक्याचे तोंड आणि नाणी दिसली. त्याने खड्डा बुजवला आणि तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी थरावर थर असे मडके रिकामे केले. ५२ हजार ५०३ नाणी, वजन सुमारे १६० किलो. त्यांत साम्राज्याविरुद्ध बंड करून ब्रिटनवर राज्य केलेल्या करॉसियसची साडेसातशेहून अधिक नाणी होती. म्हणजे मडक्यातली उशिराची. ती बहुतेक तळाच्या बाजूच्या थरांत मिळाली. मडके पिगी बँकेसारखे वर्षानुवर्षे भरत गेले असते तर ही नाणी वर असती. तेव्हा बहुधा सगळे एकाच वेळी ओतले गेले असावे. क्रिस्पने घाईघाईने मडके उपसले असते तर नाण्यांचा ढीग मिळाला असता, पण त्यांचा क्रम हरवला असता.

आता २०१५ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी इंग्लंडमध्ये दोन ठिकाणी नवव्या शतकातली चांदीची नाणी सापडली. दोन्हीकडे वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ यांची एकाच धर्तीची नाणी होती. मागच्या बाजूला दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या बखरीत केओलवुल्फ म्हणजे व्हायकिंगांच्या हातचे बाहुले. नाणी सांगतात की दोघे बरोबरीचे मित्र होते! एका राज्याने दुसऱ्याला इतिहासातून पुसले, अशी शंका यावी एवढा हा ऐवज मोलाचा.

पहिला साठा ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ जेम्स माथर यांना मिळाला. त्यांनी अधिकाऱ्याला कळवले, मातीचा ठोकळा अख्खा उचलून प्रयोगशाळेत गेला, आणि आतली नाणी, दागिने, चांदीच्या कांड्या एकेक करून सुटल्या. ॲशमोलियन म्युझियमने २०१७ साली तो साडेतेरा लाख पौंडांना घेतला. आज कुणीही जाऊन पाहावा. दुसरा साठा हेरफर्डशायरमध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांना मिळाला. त्यांनी थोडे दागिने दाखवले आणि नाणी चोरून विकायला काढली. साठ्यात अंदाजे ३०० नाणी असावीत असे मानले जाते. २०१९ साली खटला चालला तेव्हा हाती आलेली नाणी सुमारे ३० होती. मोबाइलमधून पुसून टाकलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले आणि त्यांत ताजा उपसलेला साठा दिसला. दोघांना तुरुंगवास झाला. सगळ्या क्लबांत तेव्हा या दोघांविषयी काय बोलले गेले असेल याची आपण कल्पना करू शकतो. आयुष्यात एकदा सापडणारी गोष्ट सापडली, आणि ती टेबलावर मांडण्याचा आनंदच त्यांना घेता आला नाही.

सगळे गोड आहे असे नाही. पैसा आला की मित्र दुरावतात, याला इंग्लंडही अपवाद नाही. कायद्यालाही भोके होती. २०१० साली कंब्रियात क्रॉस्बी गॅरेट इथे रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह शिरस्त्राण सापडले. अप्रतिम वस्तू, पण तांब्याच्या मिश्रधातूची आणि एकटी, म्हणून खजिना ठरली नाही. लिलावात ती सुमारे २३ लाख पौंडांना खासगी माणसाकडे गेली आणि कार्लाइलचे संग्रहालय वर्गणी गोळा करूनही मागे पडले. २०२३ साली कायदा सुधारला. आता दोनशे वर्षांहून जुनी, विशेष महत्त्वाची धातूची वस्तू सोन्या-चांदीची नसली तरी खजिना ठरू शकते.

हे ऐकून कुणी यंत्र विकत घेऊन एखाद्या गडावर जायचा बेत करत असेल तर थांबा. आपल्याकडे संरक्षित स्मारकात खणणे गुन्हा आहे. गुप्तधनाच्या नावाखाली गडांवर जे खड्डे पडतात त्यांनी आपले किती नुकसान केले आहे ते गडप्रेमींना विचारा. आणि शेतात नांगरताना काही वर आलेच, तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही जमिनीत पुरलेले सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, असे तो सांगतो.

एकत्र सापडलेले एकत्र राहिले तर काय होते याचा दाखला आपल्याकडेही आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा पाडाव करून सातवाहनांनी त्याचीच नाणी आपल्या नावाने चालवली, याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नाही. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर चांदी तेवढी राहिली असती.

तेव्हा नाणे सापडले तर ते चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख करू नका. माती असू द्या, जागा लिहून ठेवा, आणि तहसील कचेरीत किंवा जवळच्या संग्रहालयात नेऊन दाखवा. तिथला माणूस ते हातात घेऊन आधी हेच विचारील, "कुठं सापडलं? बरोबर आणखी काय होतं?"